फोनवर एकदाच तलाक म्हणाला, आता परत ये म्हणतोय. इद्दत संपली की नाही?

खाडीपलीकडची

सलाम सगळ्यांना. लांबलचक आहे, माफ करा, पण थोडक्यात लिहिलं तर कोणाला काही कळायचं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, कोकणी मुस्लिम, मी लग्न होऊन पुण्यात. बहिणीचा नवरा कुवेतला असतो, बाळ महिन्याचं झालं तेव्हा सुट्टी संपली म्हणून गेला. बाळ तीन महिन्यांचं असताना फोनवर पैशांवरून दोघांचं वाजलं (त्याची आई पण मध्ये होती, ते जाऊदे) आणि तो रागात म्हणाला जा, दिला तुला तलाक. एकदाच म्हणाला, हे बहीण पण सांगते आणि तो पण कबूल करतो. बहीण बाळंतपणासाठी माहेरी होतीच, ती तिथेच राहिली. मग दोन्ही घरं गप्प. कोणी कोणाला फोन नाही.

आता गेल्या शुक्रवारी त्याचा फोन, रडत होता, चुकलं माझं, परत ये, झालं गेलं विसर. अब्बा खूश. पण घरात बैठक बसली तेव्हा मोठ्या चाचांनी बोटं मोजून हिशोब काढला की इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायचा काळ, असते ३ महिने १३ दिवस आणि ती त्याच्या फोनच्या पाच दिवस आधीच संपली, म्हणजे तलाक पक्का. मशिदीतले मौलाना बिहारकडचे आहेत, हनफी पंथाचे, ते म्हणाले असं असेल तर नवीन निकाह लागेल. आणि मग शेजारच्या एक खाला बोलून गेल्या की हलाला करावा लागेल, म्हणजे आधी दुसऱ्याशी निकाह आणि मग परत याच्याशी. ते ऐकून बहीण उठून आत गेली ती दिवसभर बोललीच नाही. वर आमचा भाऊ म्हणतो काय वाट्टेल ते होऊदे, मी पाठवणार नाही, आमची इज्जत काय रस्त्यावर पडलीय का.

मला एवढंच सांगा की एका तलाकमध्ये हलाला येतो का, इद्दत खरंच संपली का, आणि तो फोनवर बोलला त्याला रुजू, म्हणजे तलाक परत घेणं, म्हणायचं का. कृपया धर्मावरून भांडण नको, मला उत्तर हवंय.

जेटीवरचा

वालेकुम सलाम ताई. मी आलिम नाही, पण आमच्या जमातीच्या कमिटीत बारा-तेरा वर्षं काढलीत आणि असे मामले बघितलेत, तेव्हा जेवढं पक्कं माहितीय तेवढंच सांगतो.

आधी हलाला डोक्यातून काढून टाका. त्याचा इथे संबंधच नाही. सूरह बकराची आयत २२९ सांगते की तलाक दोन वेळा, त्यानंतर एकतर चांगुलपणाने ठेवा नाहीतर भलेपणाने सोडा. दुसऱ्या नवऱ्याची गोष्ट येते ती २३० मध्ये, तिसऱ्या तलाकनंतर. तुमच्याकडे एकच झालाय. एक तलाक देऊन इद्दत संपून गेली, अगदी पाच वर्षं झाली, तरी हलाला लागत नाही, नवीन निकाह नवीन मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) एवढंच. आणि तिसऱ्यानंतर सुद्धा "हलाला करणे" असलं काही दीनमध्ये सांगितलेलं नाही. बाईने आपल्या मर्जीने दुसरीकडे खरा संसार मांडला आणि तो पुढे मोडला किंवा नवरा वारला, तर पहिल्याशी निकाह करता येतो, बस. ठरवून एका रात्रीचा निकाह लावणारा आणि ज्याच्यासाठी लावला जातो तो, दोघांवर हदीसमध्ये लानत (शाप) आहे. त्या खालांना हे जरूर सांगा.

आता इद्दत. हे ३ महिने १३ दिवस आमच्या गावात पण सगळे म्हणतात, कुठून आलंय अल्लाह जाणे. कुरआनात ज्या बाईला पाळी येते तिच्यासाठी "तीन कुरू" आहे (आयत २२८). तीन महिने आहेत ते ज्यांची पाळी वयाने गेलीय किंवा जिला येतच नाही त्यांच्यासाठी, सूरह तलाकची आयत ४. पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत. आणि ४ महिने १० दिवस ही विधवेची इद्दत, लोक ते पण यात घुसवतात. म्हणजे तुमच्या चाचांनी कॅलेंडर मोजलं, जे मोजायचंच नव्हतं.

म्हणून विचारतो, आणि उघड विचारतोय म्हणून माफी असावी, बाळ अंगावर पितं का? आणि त्या फोननंतर बहिणीला पाळी किती वेळा आली?

खाडीपलीकडची

अंगावरच पितं, पूर्ण. पाळीचं मी विचारलंच नव्हतं, आत्ता फोन करून विचारलं. आई म्हणाली बैठकीत पण कोणी विचारलं नाही. सात पुरुष बसले होते, कोण विचारणार.

फक्त एकदा आलीय. ती पण तीन आठवड्यांपूर्वी.

जेटीवरचा

मग चाचांचा हिशोब गेला खाडीत 🙂

दूध पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, पण ती "न येणारी" धरली जात नाही. आपल्या शाफई मजहबमध्ये (पंथात) पण आणि हनफीत पण तिने पाळी परत सुरू होण्याची वाट बघायची आणि तीन मोजायच्या, मग त्याला आठ महिने लागोत की वर्ष. फरक एवढाच की हनफी लोक "कुरू" म्हणजे पाळी धरतात, त्यामुळे त्यांच्याकडे तिसरी पाळी पूर्ण झाली की इद्दत संपते. आपल्याकडे कुरू म्हणजे दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ, आणि तलाक पाकीत दिला असेल तर तो काळ पण एक धरतात, म्हणून तिसरी पाळी सुरू झाली की संपली. फरक फक्त त्या एका पाळीच्या दिवसांचा. तुमच्या बहिणीची तर एकच झालीय, म्हणजे कुठल्याच मजहबने इद्दत संपलेली नाही. मौलानांना हे सांगा, तेही मान्य करतील, त्यांना दुधाचं कोणी सांगितलंच नसणार.

अजून एक. अशा तलाकला रजई म्हणतात, परत घेता येण्यासारखा. इद्दत चालू आहे तोवर ती त्याची बायकोच असते, खर्च त्याच्यावर, आणि मध्ये दोघांपैकी एकाचा इंतकाल झाला तर दुसऱ्याला वारसा पण मिळतो. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत आहे की त्यांना घरातून काढू नका आणि त्यांनी पण निघू नये. आपल्याकडे उलटं, तलाक शब्द निघाला की दुसऱ्या दिवशी बाई बॅगेसकट माहेरी आणि मध्ये चार नातेवाईक उभे. एका घरात राहिले असते तर अर्धे मामले चहावर मिटतात हो.

रुजूचं मात्र जरा सांभाळून. त्याचे नेमके शब्द काय होते?

चष्मेबद्दूर

मध्येच विचारतो, माझं या विषयातलं ज्ञान टीव्हीपुरतं. तीन तलाक बंद झाला ना कोर्टाने? मग हा गुन्हा नाही का, सरळ पोलिसात का जात नाही?

काळाकोट

फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते, म्हणून कायद्यापुरतं मी लिहिते.

सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो केसमध्ये ३ विरुद्ध २ ने एका बैठकीतला तीन तलाक रद्द ठरवला. मग २०१९ चा कायदा आला, त्यात तलाक-ए-बिद्दत किंवा त्याच्यासारखा ताबडतोब आणि परत न घेता येणारा तलाक देणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. फोनवर दिला, व्हॉट्सॅपवर दिला, कागदावर दिला, फरक पडत नाही. पण इथे एकदाच म्हटलेला, परत घेता येणारा तलाक आहे, तो या व्याख्येत बसत नाही. मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये भुसावळच्या एका केसमध्ये हेच म्हणून एफआयआर रद्द केला, तिथे तलाक-ए-अहसन होता, म्हणजे एकदा तलाक आणि मग इद्दत जाऊ द्यायची.

पण म्हणून एकदा म्हटलं की कोर्ट आपोआप तलाक मानतं असंही नाही, आणि हे कोणी सांगत नाही. शमीम आरा केस, २००२, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तलाकला सबळ कारण पाहिजे आणि त्याच्या आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला पाहिजे. त्याच वर्षी आपल्या हायकोर्टाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण केसमध्ये पण तेच, नवऱ्याने नुसतं "मी तलाक दिला होता" म्हणून चालणार नाही, सगळं सिद्ध करावं लागेल. आणि ही मध्यस्थांची अट कोर्टाने हवेतून आणलेली नाही, सूरह निसाची आयत ३५ आहे, एक माणूस त्याच्याकडचा एक तिच्याकडचा. तुमच्याकडे फोनवर भांडता भांडता शब्द निघालाय, ना कारण ना मध्यस्थ. कोर्टात गेलं तर हा तलाक झाला हेच त्याला सिद्ध करणं कठीण.

खर्चाचं पण बघून ठेवा. ती बायको असो की तलाकशुदा, पोटगी मागू शकते, फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं कलम १२५, आता त्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १४४. तलाकशुदा मुस्लिम बाईला ते कलम लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये परत एकदा स्पष्ट केलंय. गेले साडेतीन महिने कुवेतहून पैसे आले का?

खाडीपलीकडची

एक पैसा नाही. बाळाच्या लसीचे पण अब्बांनी दिले.

शब्द विचारले होते. अब्बांनी स्पीकरवर ऐकलंय, "रागात बोललो, परत ये, झालं गेलं विसरून जा". "परत घेतलं" असं नाही म्हणाला बहुतेक.

जेटीवरचा

हां मग ते रुजू नाही झालं, निदान शाफईत तरी नाही. आपल्याकडे रुजू तोंडाने आणि साफ शब्दांत लागतो, मी तुला माझ्या निकाहात परत घेतलं, असं. हनफीत नवराबायको एकत्र आले तरी रुजू धरतात, आपल्यात ते चालत नाही, आधी शब्द. "विसरून जा" हा शब्द नाही, ती विनंती आहे. फोनवरून म्हटला तरी चालतो, बायको समोर असायची गरज नाही. आणि दोन साक्षीदार ठेवाच, सूरह तलाकच्या दुसऱ्या आयतीत साक्षीदारांचा हुकूम आहे, बऱ्याच उलेमांच्या मते ते लाजमी नसून चांगलं आहे, पण उद्या वाद झाला तर तेवढेच कामाला येतात. तारीख घालून कागदावर पण लिहा. एक तलाक खर्च झाला, दोन राहिले, हे पण लिहा. लोकांना वाटतं रुजू केला की पाटी कोरी, तसं नसतं, मोजणी आयुष्यभर चालू राहते.

मिरजोळी_फाटा

सगळं बरोबर आहे हो भाऊ, पण मघापासून वाचतोय, तो काय बोलला, चाचा काय बोलले, मौलाना काय बोलले, भाऊ काय बोलला. बाई काय म्हणते? तुमच्या नियमात तिचं मत धरतात तरी का? रुजू म्हणे नवऱ्याचा हक्क, तिची परवानगी लागत नाही. म्हणजे सोडला पण त्यानेच आणि उचलला पण त्यानेच.

माझं गाव हमीद दलवाईंच्या गावाशेजारी. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायका घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! तेव्हा पण लोक हसले होते. साठ वर्षं होत आली आणि अजून बैठकीत सात पुरुष आणि बाई आत.

जेटीवरचा

दलवाईंशी माझं बऱ्याच गोष्टीत पटत नाही, पण "बाई आत" हे तुम्ही बरोबर पकडलंत, ते कबूल करतो.

फक्त नियमात ती नाहीच हे मात्र मान्य नाही. रुजूचा हक्क नवऱ्याचा, खरंय, पण २२८ मध्येच पुढे अट आहे, "जर त्यांना सुधारणा करायची असेल तर". आणि २३१ मध्ये सरळ सांगितलंय की त्रास द्यायला अडकवून ठेवू नका. दुसरं म्हणजे इद्दत संपली की नाही यात शब्द तिचा चालतो. पाळी तिलाच माहिती, काझीने पण तिचंच ऐकायचं. चाचा कोण मोजणारे?

आणि भावासाठी एक किस्सा, बुखारीत आहे. माकिल बिन यसार नावाचे सहाबी (रसूलुल्लाहचे साथी) होते. त्यांनी बहिणीचं लग्न लावून दिलं, नवऱ्याने तलाक दिला, इद्दत संपून गेली, मग तोच परत मागणी घालायला आला. हे भडकले, मी तुला बहीण दिली, मान दिला, तू सोडलीस, आता अल्लाहची कसम परत देणार नाही. बहिणीला मात्र जायचं होतं. तेव्हा आयत उतरली, २३२, की त्या आपल्या आधीच्या नवऱ्याशी चांगल्या रीतीने राजी असतील तर अडवू नका. माकिलनी ऐकलं आणि लावून दिला निकाह. तुमच्या भावाचा डायलॉग चौदाशे वर्षं जुना आहे ताई.

पाऊसवाली

आणि याच्या उलट किस्सा पण सांगा ना, तो कोणीच सांगत नाही, मीच सांगते. बरीरा आणि मुगीस. बरीरा गुलाम होती, आझाद झाली तेव्हा तिला निवड होती की गुलाम नवऱ्याबरोबर राहायचं की नाही, तिने सोडलं. तो मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरायचा, दाढी भिजायची. रसूलुल्लाह तिला म्हणाले, परत गेलीस तर? तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले नाही, मी फक्त शिफारस करतोय. ती म्हणाली मग मला त्याची गरज नाही. झालं. कोणी तिला नाव ठेवलं नाही. मामला वेगळा आहे, तलाकचा नाही, मला माहितीय, पण नवरा रडतोय म्हणून बाईने गेलंच पाहिजे असं नसतं एवढ्यासाठी सांगितला.

मी स्वतः खुला (बायकोने मागून घेतलेला तलाक) घेतलाय, आठ वर्षं झाली. मेहेर परत दिला आणि सुटले. नंतर त्याने पण समेटाची बोलणी लावली होती, तेव्हा कळलं की खुलामध्ये त्याला एकट्याला रुजू करता येत नाही, माझी हो असेल तरच आणि ती पण नवीन निकाह करून. तेवढं ऐकून मी त्या रात्री सहा महिन्यांनी पहिल्यांदा नीट झोपले. खाडीपलीकडची, बहिणीला एकटीला गाठ आणि विचार, अम्मी पण खोलीत नको.

काळाकोट

पाऊसवालीला प्लस वन. आणि बहिणीला जायचंच असेल तर तेव्हा हात रिकामे ठेवून पाठवू नका. थकलेला खर्च, राहिलेला मेहेर, राहायचं कुठे (सासूबरोबर की वेगळं), हे सगळं स्टॅम्प पेपरवर. तलाक-ए-तफवीज पण बघा, म्हणजे ठरलेल्या अटी त्याने मोडल्या तर तलाकचा अधिकार तिच्याकडे, निकाहनाम्यात नसेल तर नंतरच्या करारात पण घालता येतो, कोर्टं मानतात.

जेटीवरचा

एक सांभाळा, रुजूच्या वाक्याला अट चिकटवू नका, "आई सुधारली तर परत घेतो" असलं रुजू होत नाही. करार वेगळा, रुजू वेगळा. करार आधी करा.

चष्मेबद्दूर

एक शंका. तो रागात होता ना, मग तलाक झालाच नाही असं नाही म्हणता येत?

पाऊसवाली

खुशीत कोण देतो तलाक? 😅 भान हरपण्याइतका राग असेल तर वेगळं, बाकी रागातला धरतातच.

खाडीपलीकडची

अपडेट. शनिवारी गावी जाऊन आले.

तिला घेऊन खाडीच्या बांधावर गेले, बाळाला अम्मीकडे ठेवून. आधी काही बोलेना. मग म्हणाली तुम्ही सगळे मोजत होतात तेव्हा मला हसू येत होतं. तिने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय, आतल्या खोलीतल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने बारीक टिंब. तलाकच्या दिवशी फुली, आणि पाळीच्या चार दिवसांना टिंबं. तिला "तीन पाळ्या" हे माहिती होतं, लहानपणी मदरशात शिकवलेलं. बैठकीत का नाही बोललीस म्हटलं तर म्हणाली विचारलं कोणी.

तिला जायचंय. पण आत्ता नाही. म्हणते मला अजून दोन पाळ्या आहेत, तो डिसेंबरात सुट्टीवर येतोय, समोर येऊन बोलूदे, फोनवर सोडलं आणि फोनवरच उचललं हे मला नको. मी म्हटलं मध्येच तिसरी आली तर? तर म्हणाली मग नवीन निकाह, नवीन मेहेर, आणि या वेळी मेहेर मी सांगेन. त्याला तिने स्वतः मेसेज करून कळवलंय की तू येईपर्यंत रुजू बोलू नकोस. तो हो म्हणालाय. तसं तो बोललाच तर तिला अडवता येणार नाही हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली माहितीय, म्हणून तर बघायचंय थांबतो का.

चाचांना फोटो काढून पाठवलाय कालनिर्णयच्या पानाचा. अजून ब्लू टिक नाही. भाऊ माकिलची गोष्ट ऐकून गप्प आहे, पण काल कुवेतहून पैसे आले ते त्यानेच बँकेतून काढून आणून दिले. काळाकोट ताई, कराराचा मसुदा तुम्ही बघाल का, तुम्हाला मेसेज केलाय.

काळाकोट

बघितला मेसेज. मसुदा पाठवते रविवारपर्यंत, निकाहनाम्याची कॉपी शोधून ठेवा, दोन्ही पानं.